पकडीचं माप

आत लोकरीचे हातमोजे, वरून कातडी. दोन्ही काढल्याशिवाय तार पिळता येत नाही.

*

‘भाकरी मोडता येते. खोटं लिहीत नाही.’

*

छावणीतल्या झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना फासलेला असतो. अशा झाडाखाली एकटं बसलेलं माणूससुद्धा लांबून रांगेत बसल्यासारखं दिसतं.

*

अडतीस.

*

एक पोस्टकार्ड, हिरव्या शाईतलं: ‘वहिनींना नमस्कार सांगावा. त्यांच्या अक्षराला तोड नाही.’

*

ह्यातलं आधी काय घडलं आणि नंतर काय, ते मला नीट ठाऊक आहे. कशामुळे काय झालं, ते अजून लागत नाही. म्हणून बाकापासून सुरू करतो. बाकाबद्दल तरी माझ्या मनात गोंधळ नाही.

बाकावर आम्ही चौघं होतो. फौजी दवाखान्याचा लांब व्हरांडा, फिनेलचा वास, बत्तीस वर्षांपूर्वीची मार्च महिन्यातली सकाळ. माझ्या शेजारी एक जाडजूड हवालदार बसला होता. त्यानं ओळखपाळख न करता माझ्या उजव्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, ‘किती?’

‘काय किती?’

‘बोटं. दोन्ही हातांची मिळून.’

‘आठ.’

‘माझी सात. तुमी श्रीमंत की.’

त्याचं नाव रामलिंग बिराजदार. अक्कलकोटकडचा, तोफखान्यातला. गोळा भरून तोफेचं दार लावताना त्याची उजव्या हाताची तीन बोटं आत राहिली होती. ‘दार’ हा त्याचाच शब्द. घराच्या दारात बोट सापडल्यासारखं सांगायचा.

मी हिंदुराव फडतरे, माण तालुक्यातला, पायदळात नाईक होतो. माझ्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून नाहीत. बर्फातल्या आमच्या ठाण्याची टेलिफोनची तार तुटली होती. ती जोडायला मी मोजे काढले. दोन मिनिटांचं काम म्हणून काढले, अर्धा तास लागला. तार जोडली गेली, फोन लागला. बोटं आधी पांढरी झाली, मग काळी, मग दवाखान्यात राहिली.

तेव्हा माझी नोकरी नऊ वर्षांची झाली होती. नऊ वर्षांना पेन्शन नसतं. घरी पाठवताना बोर्डानं, म्हणजे तीन डॉक्टरसाहेबांच्या मंडळानं, माझं अपंगत्व वीस टक्के ठरवलं. वीस असेल तर अपंगत्वाचं पेन्शन मिळतं. वीसच्या खाली गेलं तर काही मिळत नाही. आणि ते वीसही तीनच वर्षांसाठी होते. तीन वर्षं संपली म्हणून पुन्हा मोजायला बोलावलं होतं. बोटं काही परत उगवली नव्हती. मग मोजणार काय, हे मला कळत नव्हतं.

‘टक्का उतरवलालेत आजकाल,’ बिराजदार म्हणाला. ‘हात रुळला म्हणतेत.’

‘रुळला म्हणजे?’

‘म्हणजे आपण वरडायचं थांबलो. आपण गप झालो की त्यांच्या लेखी बोट फुटलं.’

शालन, माझी बायको, बाहेर झाडाखाली बसली होती. जवळ डबा आणि पाण्याची बाटली.

*

त्याआधीचा महिनाभर ती माझ्याकडून तालीम करून घेत होती. भाकऱ्या झाल्या की पाट ओढून बसायची आणि साहेब व्हायची.

‘काय त्रास हाय?’

मी चुलीतलं लाकूड सरकवायचो.

‘सांगा की. मी साहेब हाय. काय काय जमत न्हाय तुमास्नी?’

‘सांगीन तिथं.’

‘तिथं काय सांगाल ते हितं सांगा.’

मी काही बोललो नाही की ती पदरानं पाट पुसत उठायची. ‘साहेब जेवाय गेला. आता दोन वाजता या.’

मला सांगायचं नव्हतं असं नाही. पण नऊ वर्षं दर तपासणीला एकाच प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. कोई तकलीफ? नहीं साब. ताप असला तरी नहीं साब. तकलीफ आहे म्हणणाऱ्याचं नाव बढतीच्या कोर्सच्या यादीतून गळायचं आणि बराकीत त्याला ‘सिक रिपोर्ट’ हेच नाव पडायचं. ते उत्तर डोक्यातून येत नव्हतं. टाच जुळली की आपोआप तोंडातून बाहेर पडायचं.

शेवटी शालननं कागद लिहिला. ती सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. पोरीच्या वहीतलं एक पान फाडलं आणि चुलीपुढे बसून दोन दिवस, आठवेल तसं लिहिलं. शर्टाची वरची बटणं लावता येत नाहीत, मी लावते. नाडीची गाठ सुटत नाही. काडी पेटवता येत नाही. शेळीची धार काढता येत नाही, शेळी लाथ मारते. दाढी करताना रोज कापतं. विहिरीचा दोर दोनदा सुटला. भाकरी मोडता येते, खोटं लिहीत नाही. मुलगी चालताना ह्यांचा हा हात धरत नाही, दुसऱ्या बाजूला जाते.

हे शेवटचं तिनं सगळ्यांत खाली, थोडं बारीक अक्षरात लिहिलं होतं.

बोर्डासाठी नवा शर्ट शिवला होता, पाकिटाच्या खिशाला झाकण असलेला. सकाळी एसटीत बसायच्या आधी तिनं कागदाची घडी डाव्या खिशात घातली आणि झाकणाचं बटण लावलं.

‘गर्दीत पडंल बिडंल. आन तुमी काय बोलू नगा. निस्ता काढून द्यायचा. द्यायला काय तोंड लागतंय?’

*

आधी पकड मोजायची होती. व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत टेबलावर एक यंत्र होतं: दोन दांड्या, मुठीत धरून दाबायच्या, वर किलोचे आकडे असलेली घड्याळासारखी तबकडी आणि काटा. मोजणारा नर्सिंग असिस्टंट उत्तरेकडचा, कंटाळलेला पोरगा होता. आमचे कागद समोर ठेवून त्यानं चौघांनाही एकदमच आत घेतलं. तिथंच घोटाळा झाला, असं मी पूर्वी म्हणायचो. एकेकाला घेतलं असतं तर.

पहिला जवान कोकणातला होता. त्यानं दाबलं, काटा चौदावर गेला. असिस्टंटनं आकडा लिहिला.

बिराजदार उठला. हाताला फुंकर मारली, दाबलं. एकतीस.

‘तोफेचा खटका ओढून बनलेला हात हाय,’ तो आम्हाला म्हणाला. ‘आता पायदळ. ह्यांना नुसतं चालायला लावा. धरायबिरायचं काम ह्यांचं न्हवं.’

कोकणातला हसला. असिस्टंटला मराठी येत नव्हती, पण असलं बोलणं कुठल्याही भाषेत कळतं. तो खुर्चीत सरळ बसला. ‘चलो, इन्फंट्री.’

मी यंत्र उजव्या हातात घेतलं. दोन बोटं नाहीत म्हणून दांडी कलंडत होती. अंगठ्यानं ती सावरली आणि मागच्या दोन बोटांत धरली. इथपर्यंत मला शालनचं सगळं आठवत होतं. खिशातला कागद छातीला टोचत होता. मी काही विसरलो नव्हतो.

दाबलं.

‘तीस,’ बिराजदार काट्यावर वाकून म्हणाला. ‘दमलं बगा पायदळ.’

मग काय झालं ते सांगता येत नाही. दात आवळले गेले. कोपर बरगडीला लागलं. काटा थरथरत वर सरकला, थांबला, पुन्हा सरकला.

‘अड़तीस,’ असिस्टंट म्हणाला. ‘शाबाश, नाईकसाब.’

त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिघांनीही. सात बोटांच्या माणसाची टाळी वेगळी वाजते. असिस्टंटही हसत टेबलावर थाप मारत होता. गेल्या तीन वर्षांत लोकांनी त्या हाताकडे बघून चक् चक् केलं होतं, नजर वळवली होती, मुलांना मागे ओढलं होतं. टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या. मी दांडी टेबलावर ठेवली आणि हसलो. आपण जिंकलो आहोत, ह्याबद्दल मला तेव्हा काही शंका नव्हती.

असिस्टंटनं पेन उचललं आणि माझ्या कागदावर आकडा लिहिला.

बिराजदारच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ‘लिवलं की बे त्यानं,’ तो म्हणाला.

हे मला फार नंतर आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की मूठ आवळायचं बळ मागच्या दोन बोटांत असतं, आणि बटण लावायचं, काडी धरायचं, गाठ सोडायचं पुढच्या दोन बोटांत. म्हणजे माझ्या हाताला जे एकच काम येत होतं, नेमकं तेच त्या यंत्रानं मोजलं. डॉक्टरांनी हे समजुतीखातर सांगितलं. पण तीसवर थांबलो असतो तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

*

बोर्डासमोर माझा नंबर जेवणाच्या सुटीआधी आला.

मधे कर्नलसाहेब, पिकलेल्या मिशांचे. एका बाजूला सर्जन, दुसऱ्या बाजूला एक तरुण लेडी कॅप्टन, तीही डॉक्टर. सर्जननं माझा हात उलटासुलटा केला, सांधे वाकवले, पट्टी लावून कोन मोजले. मग कागद बघितला.

‘थर्टी एट,’ तो म्हणाला.

‘बहुत अच्छे,’ कर्नलसाहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माणूस भला होता. ‘कोई तकलीफ?’

टाच जुळली.

‘नहीं साब.’

ऐकलं मीसुद्धा. जसं दुसरंच कुणी बोललं.

‘घर का काम-काज?’

‘ठीक है साब.’

‘और कुछ? कोई कागज़ दिखाना है?’

कागज़ म्हटल्यावर मात्र मला शालन आठवली. द्यायला काय तोंड लागतंय. मी उजवा हात खिशाकडे नेला. झाकण खळीनं ताठ झालेलं, काज नवं, बटण बारीक. अंगठ्यानं बटण ढकललं, ते निसटलं. डावा हात आणला. डाव्या छातीवर डावा हात वळत नाही, कोपर हवेत उचललं गेलं. पुन्हा ढकललं. पुन्हा निसटलं. तिघंही बघत होते. पंखा फिरत होता. किती वेळ गेला ते मला नक्की सांगता येणार नाही. दहा सेकंद असतील, किंवा तार जोडायला लागला तितका वेळ.

लेडी कॅप्टन खुर्चीतून अर्धी उठली. ‘मैं खोल दूँ?’

तिचं वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं असेल.

मी दोन्ही हात खाली घेतले, पँटच्या शिवणीला लावले. ‘नहीं साब. कुछ नहीं है.’

ती तशीच अर्धवट उभी राहिली. तिनं कर्नलसाहेबांकडे बघितलं. कर्नलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ. त्यांना काहीतरी विचारायचं होतं असं मला वाटलं. मी त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होतो, शिकवल्याप्रमाणे.

‘ठीक है,’ ते म्हणाले. ‘जाओ.’

*

व्हरांड्यात बिराजदार विडी न पेटवता चघळत बसला होता. त्याचा नंबर सुटीनंतर होता.

‘काय झालं?’

‘हवालदारसाहेब, माझ्या खिशाचं बटण काढा.’

त्यानं वर बघितलं. ‘कशाला?’

‘बायकोनं लावलंय. आत कागद आहे. असाच बाहेर गेलो तर तिला कळेल.’

तो उठला. सात बोटांचा माणूस आठ बोटांच्या माणसाचं बटण काढायला लागला. त्याचा उजवा हात निरुपयोगी, माझाही. शेवटी त्यानं डाव्या हातानं झाकण धरलं, मी डाव्या हाताच्या अंगठ्यानं बटण खालून वर ढकललं. दोघांची डोकी एकमेकांना लागली. जाणारी एक नर्स थांबून हसली.

‘अशी लग्नात माळ घालतेत,’ बिराजदार म्हणाला. बटण निघालं.

त्यानं कागद उघडला. मी काही म्हणायच्या आत वाचायला लागला, ओठ हलवत. वाचता वाचता विडी तोंडातून काढली.

‘कुणी लिवलं?’

‘मंडळींनी.’

‘आन तुमी दाखवला न्हाई.’

‘नाही.’

‘का ओ?’

मी बाकावर टेकलो. तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला, ह्या वेळी हळू, बोलून. शर्टाची वरची बटणं. नाडी. काडी. शेळी. ‘शेळीच्या जागी म्हस म्हनावं लागंल,’ तो स्वतःशीच पुटपुटला. ‘आमच्याकडं म्हस हाय.’ मग माझ्याकडे बघितलं. ‘मला लागतंय हे. मला असं सुचत न्हाई. आत गेलो की माजं डोकं रिकामं व्हतंय. तुमचं झालंय. देता?’

मी मान हलवली. होय की नाही, कशी हलवली ते आठवत नाही. त्यानं ती होय अशी घेतली.

मग तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालत पाठ करू लागला, जसे आम्ही रंगरूट असताना पहाऱ्याचे नियम पाठ करायचो. शेवटच्या ओळीशी थांबला. ‘हे पोरीचं न्हाई म्हननार,’ तो म्हणाला. ‘मला पोरगी न्हाई.’

*

झाडाखाली शालननं डबा उघडून ठेवला होता.

‘दिला का कागद?’

‘दिला.’

‘वाचला?’

‘पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोनदा.’

ती भाकरीवर चटणी ठेवत होती, तिचा हात थांबला. ‘पोरीचं पन?’

‘तिथं थांबला.’

‘थांबलाच आसंल,’ ती म्हणाली. ‘त्याला बी लेकरंबाळं आसत्याल.’

मी भाकरी मोडली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘आन मगा टाळ्या कशाच्या वाजल्या? हितवर ऐकाय आल्या.’

‘एक जवान होता. पकड मोजायचं यंत्र होतं, त्यानं फार जोरात दाबलं.’

‘येडं का खुळं ते,’ शालन म्हणाली. ‘सोताच्याच पोटावर पाय देतंय. त्याची बायकू न्हाई व्हय संगं?’

‘आहे,’ मी म्हणालो.

माझ्या खिशाचं झाकण उघडं होतं. तिनं ते बघितलं, आणि बोटं पदराला पुसून बटण लावलं.

*

दीड महिन्यानं पत्र आलं. शाळेच्या हेडमास्तरांनी वाचलं: अपंगत्व पंधरा ते एकोणीस टक्के.

‘पंधरा ते एकोनीस म्हंजी?’ शालननं विचारलं. ‘किती ते त्यांनाच ठावं न्हाय व्हय?’

‘म्हणजे वीस नाही,’ हेडमास्तर म्हणाले. ‘अपील करता येतं. कागद दिला होता, तो बघितला नाही, असं लिहू.’

‘बगितला की. वाचला दोनदा,’ शालन म्हणाली. ‘व्हय ना वं?’

‘अपील नको,’ मी म्हणालो.

पेन्शन बंद झालं. शालन डाळिंबाच्या बागांत छाटणीला आणि फळ निवडायला जाऊ लागली. अकरा वर्षं जात राहिली. तिच्या बोटांना काटे लागलेले असायचे आणि त्याच बोटांनी सकाळी ती माझी बटणं लावायची.

बिराजदारचं पोस्टकार्ड त्याच उन्हाळ्यात आलं. माझा पत्ता त्यानं दवाखान्यातून मिळवला असावा. त्याला तीस टक्के झाले होते, तेही कायमचे. खाली वहिनींना नमस्कार, अक्षराची तारीफ. ते शालनच्याच हाती पडलं.

‘हा कोन?’

‘बोर्डावर भेटलेला.’

‘माजं अक्षर ह्यानं कुठं बगितलं?’

‘साहेबाच्या टेबलावर होता कागद. तिथं.’

ती पुन्हा वाचू लागली, अक्षराची ओळ तेवढीच. तिच्या अक्षराला कुणी चांगलं म्हटलेलं शाळा सुटल्यापासून तिनं ऐकलं नव्हतं. ते कार्ड तिनं ट्रंकेत ठेवलं. अजून आहे. सून आल्यावर तिलाही दाखवलं आणि म्हणाली, ‘परक्या मानसाला कळलं बग. आन त्या बोर्डाला, दोनदा वाचून बी.’

त्या सगळ्यात टेबलाचं तेवढंच मी तिला खोटं सांगितलं. बाकी शब्दन् शब्द खरा होता, असं मी बरीच वर्षं धरून चाललो.

बोर्डाच्या खोलीबाहेर भिंतीवर एक पाटी होती, हिंदीत आणि इंग्रजीत: सोबतच्या एका नातेवाइकाला आत येण्याची परवानगी आहे. ती मी सकाळी पावणेदहाला वाचली होती, आणि मग बाहेर जाऊन शालनला झाडाखाली सावलीची जागा बघून दिली.